डावीकडून पाचवा

सिस्टर नोरा, आपलं भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात याचा मला अजून राग आहे. तुमच्याबद्दल चांगलं लिहायचं आहे आणि ते मी लिहिणारच, पण राग आधी आलाय म्हणून तो आधी. कागद ज्या क्रमाने सापडतात त्याच क्रमाने ठेवायचे, आपल्या सोयीने लावायचे नाहीत, हे तुम्हीच मला दटावून सांगितलं होतंत.

हे मराठीत लिहितेय. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्ही जिथे असाल तिथून पेन्सिल घेऊन स्वल्पविराम दुरुस्त करत बसला असतात. शिवाय मला मराठीतच नीट भांडता येतं.

कॉर्कच्या त्या कॉन्व्हेंटमध्ये, तुम्हा नन्सच्या मठात, मी कंत्राटावर आले तेव्हा तुम्हा सिस्टर्सपैकी उरलेल्या सगळ्या म्हाताऱ्या होत्या आणि घर बंद होणार हे ठरलेलं होतं. तुमच्या संघाच्या पॅसिफिक बेटांवरच्या कामाची सगळी कागदपत्रं एका खोलीत कोंबलेली होती. बाप्तिस्म्याच्या वह्या, शाळेचे हजेरीपट, टाइप केलेले अहवाल, आणि बिस्किटांच्या डब्यांतून फोटो. महायुद्धाच्या वर्षांतले कागद सगळ्यांत पातळ, कारण तेव्हा मिळेल त्यावर लिहिलेलं. जपानी सैन्य बेटावर उतरल्यावर तुमच्या चार सिस्टर्स आधी जंगलात लपल्या होत्या आणि मग पकडल्या जाऊन तारेच्या कुंपणाआड राहिल्या होत्या, एवढं मला पहिल्या आठवड्यात कळलं. हे सगळं नीट नोंदवून, स्कॅन करून मोठ्या अर्काइव्हच्या ताब्यात द्यायचं, हे माझं काम. पुण्यात बरीच वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे येऊन, चाळिशीत पुन्हा विद्यापीठात बसून मी हे शिकले होते. त्यामुळे मला वाटायचं की मला येतं.

पहिल्या दिवशी तुम्ही माझं नाव विचारलंत. मी सवयीने म्हणाले, "मांज म्हटलं तरी चालेल." तुम्ही चष्मा काढलात. "चालेल म्हणजे काय? आईने काय ठेवलंय?" मग मंजिरी हे नाव तुम्ही पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलंत, 'ज' जिभेवर बसेपर्यंत मला सोडलं नाहीत. या देशात आल्यापासून माझं नाव इतक्या मेहनतीने कोणी घेतलं नव्हतं. मला रडू येईल की काय असं वाटलं, म्हणून मी स्कॅनरची वायर शोधायला खाली वाकले.

आणि मग आपलं ते नावांचं काम सुरू झालं. फोटोंमधल्या सिस्टर्सची नावं मागे लिहिलेली असायची, व्यवस्थित, पूर्ण. बेटावरच्या माणसांना मात्र "आमचा स्वयंपाकी", "गावातली बायका-मुलं", "एक स्थानिक". मला याचा संताप यायचा आणि तो तुमच्यावर निघायचा, कारण खोलीत तुम्हीच होतात. तुम्ही म्हणायचात, "त्यांनी नाही लिहिलं. आता आपण लिहू. इकडे दे." युद्धानंतर पुष्कळ वर्षांनी, विशी-पंचविशीत, तुम्ही त्या बेटावर गेलात आणि केस पांढरे होईस्तोवर राहिलात. फोटोतली माणसं तुम्ही म्हातारी झालेली पाहिली होती, किंवा त्यांची मुलं शाळेत तुमच्या हाताखाली होती. फोटो टिपकागदावर ठेवून तुम्ही भिंग फिरवायचात. "ही मान बघ. हिच्या नातीची अशीच तिरकी. तिला भागाकार कधी आला नाही." मग नाव मोठ्याने म्हणायचात, उलटून मागे मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहायचात, आणि म्हणायचात, "ग्रँड." मी यादीत भरायचे. दुपारी चहा, मग पुन्हा भिंग. ते महिने माझ्या इथल्या आयुष्यातले सगळ्यांत चांगले होते, आणि हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही.

मग तो फोटो आला. कुंपणाआडून सुटल्यानंतर लगेच काढलेला. चार सिस्टर्स, हाडं आणि कपडे एवढंच उरलेल्या, उन्हात डोळे बारीक करून उभ्या. फोटोच्या उजव्या कडेला, थोडं अंतर राखून, एक उघड्या अंगाचा माणूस, कमरेला कापड, हातात विणलेली टोपली. तो कॅमेऱ्याकडे बघत नाही, सिस्टर्सकडे बघतोय. डावीकडून पाचवा.

चारही सिस्टर्सची नावं तुम्ही घेतलीत. मी पाचव्यासाठी थांबले. तुम्ही पेन्सिल टेबलावर ठेवलीत.

"ओळखत नाही?"

"ओळखते."

"मग?"

"युअर मॅन तो," एवढंच म्हणालात, तुमच्या माहेरच्या, केरीच्या बोलीत कुठल्याही बाप्याला म्हणतात तसं, आणि उठून प्रेसमधून, म्हणजे तुमच्या भाषेतल्या कपाटातून, कप काढायला लागलात. मला वाटलं, दमलात. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तेच. तिसऱ्यांदा मी फोटो थेट तुमच्या चहाच्या बशीशेजारी ठेवला, तेव्हा तुम्ही तो उचलून टिपकागदावर परत ठेवलात आणि म्हणालात, "हा नाव न घालता जाऊ दे. पण सगळ्यांना बघायला उघडा जाऊ दे."

तेच तर जमणार नव्हतं. तुम्हाला नियम माहीत होता, सिस्टर मॉरीननी आपल्या दोघींसमोर वाचून दाखवला होता. घरप्रमुख म्हणून त्यांना पुढे उत्तरं द्यायची होती. युद्धातल्या कुठल्याही आरोपाशी संबंध असू शकेल अशा फोटोत ज्याची ओळख पटलेली नाही असा माणूस असेल, तर तो फोटो बंद विभागात जाणार. बंद म्हणजे माझ्या हयातीत तरी तो कोणी पाहिला नसता. आणि आरोप होता. त्या चौघींतल्या मुख्य सिस्टरने युद्धानंतर टाइप केलेल्या अहवालात स्पष्ट वाक्य होतं की गावातल्याच एका माणसाने सैनिकांना आमच्या लपायच्या जागी आणलं.

मी दोन आणि दोन चार केले. माणसाला तुम्ही ओळखता, नाव सांगत नाही, म्हणजे हाच तो. तुम्ही त्याला झाकताय. एवढी वर्षं ज्या गावात राहिलात त्या गावाची अब्रू राखताय. हे मी तुम्हाला तोंडावर म्हणाले. "तुमच्या आधीच्या बायकांनी यांची नावं आळसाने गाळली, तुम्ही ठरवून गाळताय. फरक काय?"

तुम्ही चिडला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नुसत्या लाल झालात, कानापर्यंत, आणि म्हणालात, "तुला कळायला हवं होतं खरं तर."

"मला? मला कसं कळणार?"

तुम्ही भिंग पुसायला घेतलंत. हस्तांतराची गाडी कधी येणार ते कळलेलं होतं, खोके एकेक करून सीलबंद होत होते, आणि तो एक फोटो पाकिटाबाहेर पडून होता. आपण एका टेबलावर बसून दोन-दोन तास एकमेकींशी बोलत नव्हतो. सिस्टर मॉरीन दारातून डोकावून, हवा बघून परत जायच्या. घरी मी नवऱ्याला, समीरला, सांगत होते, समीर म्हणाला, "अगं, म्हातारी बाई आहे, सोड ना." मी त्याच्यावरही उखडले. सोडायचं कसं? तुम्ही गेल्यावर ते नाव सांगणारं कॉर्कमध्ये कोणी उरणार नव्हतं. ऐंशी ओलांडलेलं माणूस समोर पाय आखडून बसलेलं, आणि ते कधीही जाऊ शकतं हे मला दिसत होतं. हे तुम्हाला बोलून कसं दाखवणार होते?

एक प्रसंग मात्र मी पुन्हा पुन्हा उगाळतेय. याच दिवसांत एकदा, मी स्कॅनरवर वाकलेली असताना, तुम्ही मध्येच विचारलंत, "मंजिरी, तुमच्याकडे बायका सासऱ्याचं नाव घेतात का?"

मला वाटलं, चला, अबोला सुटला, गप्पा मारायच्या आहेत. मी हसून म्हणाले, "हल्ली सगळे सगळ्यांची नावं घेतात हो सिस्टर. मी तर नवऱ्याला अरे-तुरे करते. ते जुनं सगळं गेलं." आणि पुढचा फोटो काचेवर ठेवला.

"गेलं का," तुम्ही म्हणालात. मग बराच वेळ पाऊस बघत बसलात.

तुम्ही दार थोडंसं उघडलं होतंत, सिस्टर. मी ते पायाने लोटून लावलं आणि मला कळलंही नाही.

त्यानंतर तुम्ही पडलात. खुब्याचं हाड, हॉस्पिटल, मग न्यूमोनिया. मी भेटायला आले ती द्राक्षं घेऊन आणि पर्समध्ये त्या फोटोची छापील प्रत घेऊन. यावर तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. पण आठवड्यात गाडी येणार होती. तुमच्या नाकात नळी होती, आणि मी पांघरुणावर तो कागद ठेवला.

तुम्ही बघितलंत. त्या टोपलीवर बोट ठेवलंत, माणसावर नाही. "टॅरो असायचे यात," म्हणालात, म्हणजे आपल्या अळूचे कंद. मग धाप लागली. मी म्हणाले, "सिस्टर, फक्त नाव. बाकी काही लिहिणार नाही मी, देवाशपथ." तुम्ही मान खिडकीकडे फिरवलीत. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "लुसियाला विचार."

"कोण लुसिया?"

"लुसियाला विचार," पुन्हा तेच, आणि डोळे मिटलेत. नर्स आली, मला बाहेर काढलं. सिस्टर मॉरीनना विचारलं, त्या म्हणाल्या, आमच्यात लुसिया कोणी नाही, कधी नव्हती, औषधांचा अंमल असेल. मलाही तेच वाटलं. मी बसमध्ये बसून चरफडत घरी आले. दोन दिवसांनी तुम्ही गेलात.

तुमच्या अंत्यविधीला चर्चमध्ये मी मागच्या बाकावर होते. इथे आता प्रत्येक चर्चमध्ये कॅमेरा असतो, दूरचे लोक घरून बघतात. मला त्या खांबावरच्या कॅमेऱ्याचं कौतुक वाटलं नाही, उलट राग आला, की हिला बघायला आता आहे कोण? भाऊ गेलेला, भाचरं ट्रलीहून आलेली समोरच बसली होती. नंतर सँडविच आणि चहा झाला, सगळ्यांनी "शी वॉज ग्रेट क्रॅक", म्हणजे मोठी गमतीची बाई, असं म्हटलं, आणि मी आपली कोपऱ्यात उभी.

घरी येऊन मी तुमची निधनाची सूचना उघडली. खाली लोक शोकसंदेश लिहितात तिथे शेवटचा संदेश होता तो त्या बेटावरून. "आम्ही सगळे चर्चच्या ओसरीत एका फोनवर बघत होतो. इथे अंधार झाला होता. आमच्या मावशीला शांती लाभो. लुसिया."

सिस्टर मॉरीनकरवी तिचा पत्ता काढेपर्यंत गाडी येण्याचा दिवस उद्यावर आला होता.

लुसिया फोनवर आली तेव्हा मागे कोंबडे ओरडत होते. पन्नाशीची बाई, शाळेत शिकवते, तुमच्याकडेच शिकलेली. मी कोण ते तिला ठाऊक होतं. "तुम्ही मंजिरी," ती म्हणाली, अगदी बरोबर, 'ज'सकट. म्हणजे तुम्ही तिच्याकडूनही घोटून घेतलं होतंत. मी फोटोचं वर्णन केलं. टोपलीचंही सांगितलं.

"ते माझे आजोबा," ती म्हणाली. "आमच्याकडे त्यांचा एकही फोटो नाही. बाबांनी त्यांना शेवटचं पाहिल्याला खूप काळ झाला. आता बाबांचेच डोळे जात चाललेत."

मी चाचरत अहवालातलं ते वाक्य सांगितलं. मला वाटलं, ती फोन ठेवेल. ती म्हणाली, "हो, आजोबाच. सैनिकांनी गाव जाळायची धमकी दिली होती. त्यांनी सिस्टर्सना दाखवून दिलं. मग सुटका होईपर्यंत रोज कुंपणाखालून टॅरो सरकवत राहिले, पकडले गेले असते तर गोळीच होती. दोन्ही गोष्टी ते स्वतः चर्चमध्ये उभे राहून सांगायचे. इथे लहान पोरांनाही माहीत आहे." ती थोडं हसली. "तुम्हाला वाटलं, हे गुपित आहे?"

"मग सिस्टर नोरा नाव का सांगत नव्हत्या?"

"ती कसं सांगेल?" लुसियाला माझा प्रश्नच कळेना. "माझ्या आईच्या घरच्यांनी तिला मुलगी केलं होतं. ती आईची बहीण. आई या घरात दिलेली. म्हणजे आजोबा आईचे सासरे, तसे तिचेही सासरे. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही. लिहायचं नाही, बोट दाखवायचं नाही. मेल्यावरही नाही. तिने कधीच मोडलं नाही. बिशप आले होते तेव्हासुद्धा नाही."

मी तिला थांबायला सांगितलं आणि ओट्यावर कागद-पेन्सिल शोधायला लागले.

माझ्या आजीने जन्मभर आजोबांचं नाव घेतलं नाही. रेशनच्या दुकानात, मतदानाला, दवाखान्यात, नावाची वेळ आली की ती मला पुढे करायची. "सांग गं त्यांना." मी फ्रॉकमधली पोर छाती काढून आजोबांचं पूर्ण नाव सांगायचे, आणि आजी पदर सावरत मान डोलवायची. मीच होते ती, सिस्टर. जगात कोणाला कळायला हवं होतं तर मला, आणि तुम्ही तसं म्हणालाही होतात. पण केरीतल्या नन बाईला सासरा असेल, हे माझ्या डोक्यात येणार कसं? आजीचं सोवळं मी आजीपुरतंच ठेवलं होतं. आणि "लुसियाला विचार" म्हणजे आजीचंच "सांग गं त्यांना" होतं, हेही मला तेव्हा कळलं नाही.

तरीही माझा राग जात नाही. एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडलं असतं? "तो माझा सासरा लागतो," एवढंच. मग वाटतं, बोट दाखवायचं नाही म्हणजे तेही नाही. आणि फोटो गुपचूप फोनवर काढून लुसियाला का नाही पाठवलात? तर नोंद पूर्ण होईपर्यंत खोलीतलं काही बाहेर जायचं नाही, हाही नियमच. तिकडचा मोडला नाहीत आणि इकडचाही मोडला नाहीत. दोन्हींच्या मध्ये स्वतः अडकून बसलात, आणि माझं घालूनपाडून बोलणं ऐकून घेतलंत. मी तुम्हाला आळशी बायकांच्या रांगेत बसवलं तेव्हा तुमचे कान लाल झाले होते, ते मला जन्मभर दिसणार आहेत.

लुसियाने नाव सांगितलं. ती रक्ताची नात, तिला मुभा आहे. मी तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं, तुम्ही माझं घेतलं होतंत तसं. सकाळी लवकर जाऊन तुमच्याच पेन्सिलीने, न दाबता, फोटोच्या मागे लिहिलं. यादीत 'ओळख कोणी पटवली' हा रकाना असतो. सगळीकडे तिथे तुमचं नाव आहे. इथे मी भरलं: 'लुसिया, नात. सिस्टर नोरा यांच्या सांगण्यावरून.' सिस्टर मॉरीननी ते वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि 'उघडा' यावर सही केली. गाडी दुपारी आली.

फोटो मी लुसियाला पाठवला. तिने कळवलं की बाबांनी फोन अगदी नाकाशी नेऊन धरला, मग इतका मोठा केला की पडद्यावर नुसता चेहरा उरला. ते म्हणाले, किती तरुण आहेत, माझ्या मुलापेक्षा लहान. मग दिवसभर कोणाला फोन परत दिला नाही.

काल तुमच्या महिन्याची प्रार्थना झाली, इथल्या रीतीप्रमाणे. त्यानंतर सगळे चहाला आत गेले आणि मी सिस्टर्सच्या थडग्यांपाशी आले. तुमचा दगड अजून बसवलेला नाही, लाकडी क्रॉसवर नाव आहे. मी लुसियाला आधीच विचारून ठेवलं होतं, की घ्यायचं नाही ते कळलं, पण ऐकायचं? ती म्हणाली, "ऐकायला कसली मनाई? सगळं गाव त्यांना हाक मारायचं, ती तिथेच बसलेली असायची."

तेव्हा आजूबाजूला कोणी नाही असं बघून मी मोठ्याने म्हणाले, ते इथेही लिहिते. तुम्ही फक्त ऐका, सिस्टर. डावीकडून पाचवे, तोमासी.